फुलीचा टाका आणि घरची भट्टी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे पालकांकडून आम्हास एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो असा की, "मुलांनी सुट्टीत करावे तरी काय?" पुस्तके वाचावीत, आजोळी जावे, पोहावयास शिकावे, ही उत्तरे आम्ही आजवर देत आलो आणि ती वाईट आहेत असेही नाही. परंतु या वर्षी त्या उत्तरांत आणखी दोन गोष्टींची भर घालावी असे मनात आहे. एक सुईची व दुसरी भट्टीची. फुलीच्या टाक्याचे भरतकाम आणि घरच्या घरी पाव, केक भाजणे, हे ते दोन छंद होत. या दोहोंत आम्ही स्वतः काही वर्षे हात पोळून व बोटे टोचून घेतली आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात जे सांगावयाचे आहे ते ऐकीव नाही, एवढी ग्वाही प्रथमच देऊन ठेवतो.

छंद कशास म्हणावे? जे काम करण्यास कोणी सांगत नाही, जे न केल्यास कोणी रागावत नाही, आणि तरीही जे नीट व्हावे असे आपणास मनापासून वाटते, ते काम म्हणजे छंद. अभ्यासाला परीक्षा असते, नोकरीला वेतन असते. छंदाला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच छंदात मनुष्य चुकतो तेव्हा ती चूक केवळ त्याची व त्याच्या कामाची असते. तिसरा कोणी मध्ये येत नाही. या गोष्टीस आम्ही फार महत्त्व देतो. का, ते लेखाच्या शेवटी ध्यानी येईल.

प्रथम सुईकडे वळू. ज्यास इंग्रजीत क्रॉस-स्टिच म्हणतात तो आपल्या घरांतील आयाआजींना अगदी परिचित आहे. मॅटीच्या कापडावर भरलेले दसुतीचे टेबलक्लॉथ व उशांचे अभ्रे अनेकांच्या घरी अजूनही जपून ठेवलेले असतील. या टाक्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. कापडाच्या विणीतच लहान लहान चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत एक तिरपा टाका व त्यावर दुसरा उलट तिरपा टाका घालून फुली करावयाची, आणि अशा फुल्यांच्या रांगांतून चित्र उभे करावयाचे. कापडावर पेन्सिलीने काही काढावयाचे नाही. चित्र असते ते शेजारी ठेवलेल्या चौकटीच्या कागदावर. तेथील घरे मोजावयाची व तेवढीच घरे कापडावर मोजून भरावयाची. थोडक्यात, हे हाताचे काम असले तरी त्याचा पाया गणिताचा आहे.

हीच रीत आपल्या शेजारी धारवाडच्या मुलखात फार जुनी आहे. तेथील कसूती नावाच्या भरतकामातही कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. ताणाबाणा मोजूनच गोपुरे, पालख्या, हत्ती व तुळशीवृंदावने भरतात. कसूतीचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गवंती, मुरगी, नेगी व मेंथी. यांपैकी मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाकाच होय. मेथीच्या दाण्यावरून त्यास हे नाव पडले. ज्या इरकली लुगड्यांवर ही नक्षी भरीत ती लुगडी सोलापूर, सांगली व कोल्हापूर या भागांतील घरांत पिढ्यान्पिढ्या वापरली गेली आहेत. तेव्हा हा छंद परक्या मुलखातून आणावा लागेल असे समजण्याचे कारण नाही.

आता कृती. नवशिक्यांनी आयडा नावाचे कापड घ्यावे. त्यावर चौकटी स्पष्ट दिसतात. हे कापड एका इंचात किती चौकटी बसतात यावरून ओळखले जाते; ११, १४, १६ व १८ हे प्रकार नेहमी मिळतात. आरंभास १४ चे बरे. भरतकामाचा दोरा सहापदरी असतो. त्यांतील दोन पदर वेगळे काढून, बोथट टोकाच्या सुईत ओवावेत. दोरा हातभराहून लांब घेऊ नये, नाही तर तो वारंवार गुंततो व झिजतो. कापड आडवे व उभे असे दोनदा दुमडले म्हणजे मध्यबिंदू सापडतो. भरण्यास प्रारंभ तेथून करावा, म्हणजे चित्र एका बाजूस सरकत नाही. दोऱ्यास गाठ मारू नये. त्याचे टोक मागील टाक्यांखालून सरकवून पक्के करावे. आणि मुख्य नियम असा की, सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेस पडला पाहिजे. एका फुलीचा वरचा टाका उजवीकडे व दुसरीचा डावीकडे झुकला, तर प्रकाश त्यांवर निरनिराळा पडतो आणि जवळून निर्दोष वाटणारे काम दुरून डागाळलेले दिसते.

काम सुरू करण्यापूर्वी थोडे गणित करावे. समजा, चित्र ८४ घरे रुंद व ११२ घरे उंच आहे. १४ च्या कापडावर ते ६ इंच रुंद व ८ इंच उंच होईल. चहूबाजूंनी ३ इंच मोकळी जागा सोडावयाची म्हटले, तर १२ इंच रुंद व १४ इंच लांब असा तुकडा हवा. तेच चित्र ११ च्या कापडावर सुमारे साडेसात इंच रुंद होईल, आणि १८ च्या कापडावर पुरते पाच इंचही होणार नाही. एकंदर घरे ८४ गुणिले ११२, म्हणजे ९,४०८. त्यांपैकी निम्मी भरावयाची असली व रोज १०० फुल्या घातल्या, तर ४८ दिवस लागतील. पुष्कळ मुले हा छंद दुसऱ्या आठवड्यात सोडतात, याचे कारण आळस हे नसून त्यांनी हा गुणाकार आधी केलेला नसतो, हे होय. प्रथम कामास ४० घरे रुंद व ४० घरे उंच याहून मोठे चित्र घेऊ नये.

पूर्वी इंग्लंडात मुली टाके शिकत तेव्हा एका कापडावर निरनिराळे नमुने भरून ठेवीत. त्यास सँपलर म्हणत. आपण नमुनापट म्हणू. ज्यावर साल घातलेले आहे असा सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश नमुनापट जेन बॉस्टॉक हिच्या नावाचा आहे. त्यावर १५९८ हे साल असून, १५९६ साली जन्मलेल्या ॲलिस ली नामक बालिकेची जन्मवार्ता त्यावर टाक्यांनी लिहिलेली आहे. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या पटाविषयी आम्हास सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, त्यावर काही चित्रे भरून नंतर उसवल्याच्या खुणा राहिल्या आहेत. चार शतके उलटली, परंतु सुईने पाडलेली छिद्रे कापड विसरलेले नाही. एवढ्या नामांकित कामातही उसवणे चुकलेले नाही, हे वाचून आम्हास मोठा धीर आला.

येथे कोणी मुलगा मनात म्हणत असेल की, हे मुलींचे काम. याच्याशी आमचा काय संबंध? त्याने मेजर ॲलेक्सिस कॅसडॅगली यांची हकीकत ऐकावी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हे ब्रिटिश अधिकारी क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. बंदिवासात वेळ घालविण्यासाठी त्यांनी फुलीच्या टाक्यांचा एक नमुनापट भरला. त्याच्या किनारीत टिंबे व रेघा होत्या. पाहणाऱ्यास ती साधी नक्षी वाटे; वस्तुतः ती मोर्सची संकेतलिपी होती. त्यांत एका ओळीत आपल्या राजाचे रक्षण व्हावे अशी प्रार्थना होती व दुसऱ्या ओळीत हिटलरला सणसणीत शिवी होती! पहारेकऱ्यांना तिचा अर्थ उमगला नाही. ज्या हातांनी बंदूक धरली त्यांना सुई धरण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्या शाळेतील मुलांना तो का वाटावा?

आता आमची स्वतःची गोष्ट. आम्हास हा टाका आमच्या मातोश्रींनी शिकविला, तोही आम्ही चाळिशी गाठल्यावर. पहिले मोठे काम म्हणून आम्ही एका चौकोनी किनारीस हात घातला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे ८४ घरे, मग वर ११२, मग डावीकडे ८४, आणि शेवटी खाली ११२ घरे, की किनार जेथून निघाली तेथे येऊन मिळावी. अकराव्या दिवशी अखेरची फुली घातली, आणि पाहतो तो किनार मिळालीच नाही. सुरुवातीच्या फुलीच्या एक घर बाहेर ती येऊन उभी राहिली. गणिताच्या शिक्षकाची किनार चुकावी, यासारखी लाजेची गोष्ट नाही! वरच्या बाजूस आम्ही ८४ ऐवजी ८५ घरे भरली होती. कोपऱ्याजवळ अर्धा टाका ओढून चूक झाकावी असा मोह झाला. तसा प्रयत्नही केला. मातोश्रींनी चष्मा पुसून ते पाहिले व एवढेच म्हणाल्या, "चुकलेल्या टाक्यावर पुढचे टाके रचले म्हणून चूक लपत नाही रे, लांबते मात्र."

शेवटी सुमारे दोनशे फुल्या उसवाव्या लागल्या. ती चूक जेथे झाली तेथेच ध्यानी आली असती, तर एक फुली उसवून भागले असते. तेव्हापासून दर दहा घरांवर वेगळ्या रंगाचा कच्चा धावदोरा घालून ठेवण्याचा व प्रत्येक रांग संपताच मोजण्याचा नियम आम्ही पाळतो. कापडाचा स्वभाव असा आहे की, ते चूक दुरुस्त करू देते, परंतु जितका उशीर कराल तितके व्याज घेते.

आता सुई खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊ. तेथील छंदाचा स्वभाव याहून निराळा आहे.

पाव हा शब्द आपणाकडे पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. गोव्यात पाव भाजणाऱ्यास पोदेर म्हणतात, आणि तेथे पूर्वी पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत. वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणासुदीस तळले जाणारे फुगेही सुरेनेच फुगवीत. सुरेत असे काय असते की पीठ फुगावे? त्यात यीस्ट नावाचे अतिसूक्ष्म सजीव असतात. आंबण्याची क्रिया ही अशा सजीवांची करणी आहे, हे फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या काही वर्षांत प्रयोगांनी दाखवून दिले. हे सजीव पिठातील साखर खातात व कर्बद्विवायू सोडतात. मैद्यात पाणी घालून मळले म्हणजे त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते. वायू या जाळ्यात अडकतो व गोळा फुगतो. भट्टीच्या उष्णतेने हे बुडबुडे आणखी फुगतात, नंतर यीस्ट मरते आणि भिंती घट्ट होतात. पावाच्या कापलेल्या तुकड्यातील छिद्रे म्हणजे त्या बुडबुड्यांच्या रिकाम्या खोल्या होत.

घरी आठ लहान पाव करावयाचे प्रमाण येणेप्रमाणे : मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध किंवा पाणी १६० मिलिलिटर, कोरडे यीस्ट ५ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम व लोणी २० ग्रॅम. कोमट दुधात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. फेस आला नाही तर यीस्ट निर्जीव आहे असे समजून तेथेच थांबावे. दूध बोटास सोसवेल इतकेच ऊन हवे. कढत दुधात यीस्ट मरते. फेस आल्यावर मैदा व मीठ घालून गोळा करावा, शेवटी लोणी घालावे आणि दहा ते बारा मिनिटे चांगले मळावे. प्रथम पीठ हातास चिकटते. घाबरून कोरडा मैदा ओतीत राहू नये, मळता मळता ते सुटते. मग झाकून ठेवावे व दुप्पट होऊ द्यावे. उन्हाळ्यात एक तास पुरतो, थंडीत त्याहून अधिक लागतो. तेव्हा घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहावे. आठ गोळे करून, तूप लावलेल्या थाळीत जवळ जवळ मांडून, पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावेत. नंतर २०० अंश सेल्सियसला आधीच तापविलेल्या ओव्हनमध्ये पंधरा ते वीस मिनिटे भाजावेत. भट्टी पेटविताना व उघडताना घरातील मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे.

ओव्हन नसल्यास खंत करू नये. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर घालून, त्यावर लहान तिवई व तिवईवर केकचे भांडे ठेवून, वर घट्ट झाकण घातले म्हणजे काम भागते. पुष्कळ घरांत कुकरची शिटी व रबर काढून त्यातच केक भाजतात. केकला यीस्ट लागत नाही. तेथे बेकिंग पावडर काम करते. हिचीही एक गोड हकीकत आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम गावी आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीस यीस्ट मानवत नसे. तिला पाव खाता यावा म्हणून त्यांनी १८४३ साली यीस्टवाचून पीठ फुगविणारी पूड तयार केली. खाण्याचा सोडा व एक आम्ल पदार्थ कोरडे मिसळून ठेवावयाचे. पाणी लागले की त्यांतून तोच कर्बद्विवायू निघतो. घरातील एका माणसासाठी केलेल्या खटपटीतून जगाच्या उपयोगी पडलेली वस्तू निघाली, ती अशी.

स्वयंपाकात अंदाज चालतो, भाजण्यात तो चालत नाही. आमटीत पाणी अधिक झाले तर आणखी उकळता येते. केकचे पीठ एकदा भट्टीत गेले की काही करता येत नाही. एक वाटी मैदा म्हणजे किती? आम्ही मुलांकडून हा प्रयोग करवून घेतला. तीच वाटी चाळून हलकेच भरली तर एक वजन, व दाबून भरली तर त्याहून कितीतरी अधिक वजन येते. म्हणून शक्य तेथे वजन करावे. ज्याच्या घरी काटा नाही त्याने एकच वाटी नेहमी एकाच रीतीने भरावी.

या छंदात कसोट्या लावण्याची अलीकडे चाल पडली आहे, आणि ती आम्हास पसंत आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली बी.बी.सी.ने घरगुती भाजणाऱ्यांची एक स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखविण्यास प्रारंभ केला. तीत एक कसोटी अशी असते की, सर्वांना एकच पदार्थ देतात. परंतु कृतीतील बरेचसे तपशील मुद्दाम गाळतात. कोठे केवळ 'भाजा' एवढेच लिहिलेले असते. किती वेळ, ते ज्याचे त्याने ठरवावे. २०२० सालच्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली व आम्ही सर्व घरात अडकलो, तेव्हा हीच कसोटी आम्ही घरी सुरू केली. एकाने कृती लिहावयाची व तिच्यातील एक ओळ खोडावयाची. दुसऱ्याने ती ओळ स्वतःच्या बुद्धीने भरून पदार्थ करावयाचा. बक्षीस एवढेच की, भांडी घासण्यातून त्या दिवशी सुटका. पहिल्या महिन्यात आमचे पाव विटांसारखे निघाले. पुढे मुले आम्हास विचारू लागली, "ही ओळ येथे का होती?" कृती पाठ करणे निराळे आणि कृतीतील प्रत्येक ओळीचे कारण जाणणे निराळे, हा भेद आम्ही वर्गात कितीदा तरी समजावला होता. तो त्यांस उमगला मात्र विटांसारखे पाव खाल्ल्यावर.

त्याच दिवसांत आमच्या हातून एक केक बिघडला. कृतीत लिहिले होते की, पहिली पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये. आम्हास धीर धरवला नाही. दहाव्या मिनिटास उघडून पाहिले. केक सुरेख फुगला होता. पुन्हा दार लावले आणि वेळ झाल्यावर बाहेर काढला, तो मध्ये खळगा! आतील बुडबुड्यांच्या भिंती अजून ओल्या होत्या. गार हवा लागताच त्या बसल्या. आता काय करावे? सवयीने आम्ही सुईचा न्याय लावू पाहिला, की चुकले तेथपर्यंत मागे जावे. परंतु भाजलेला केक उसवता येत नाही. त्या दिवशी तो बसलेला केक आम्ही सर्वांनी मिळून खाल्ला, वहीत तारीख घालून कारण लिहिले, आणि पुढील शनिवारी नव्या पिठाने नवा केक केला.

विद्यार्थिमित्रांनो, हे दोन छंद जोडीने का घ्यावेत, याचे कारण येथे आहे. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. काही कापडावरच्या, त्या उसवता येतात, मात्र जितक्या लवकर कबूल कराल तितके उसवणे थोडे. काही भट्टीतल्या, त्या कधीच उसवत नाहीत, म्हणून तेथे दार उघडण्यापूर्वीच थांबावे लागते. कोणती चूक कोणत्या जातीची, हे ओळखता येणे म्हणजे पुष्कळसे शहाणपण होय. आम्ही मात्र ते ओळखण्यात एकदा फार मोठी गफलत केली. ती सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही शिक्षकी पेशात नवीन होतो. हस्तव्यवसायाच्या तासास सातवीतील एका मुलाने एका रुमालावर फुल्या भरावयास घेतल्या होत्या. फुल्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या व पाठीमागे दोरा गुंतून त्याचा पुंजका झाला होता. आम्ही तो रुमाल उंच धरून सर्व वर्गास दाखविला आणि म्हणालो, "हा रुमाल की कोळ्याचे जाळे?" वर्ग खदखदून हसला. आम्हीही हसलो. त्या मुलाने रुमालाची नीट घडी केली व ती खिशात ठेवली. तो रुमाल त्याने कोणासाठी भरावयास घेतला होता, हेही आम्ही विचारले नाही. काही महिन्यांनी आमची चूक आम्हास उमगली व आम्ही त्यास एकीकडे बोलावून क्षमा मागितली. तो भला मुलगा. "त्याचे काही नाही, सर," असे तो म्हणाला. परंतु वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा सुई हाती घेतली नाही.

त्याच्या फुल्या कापडावरच्या होत्या; एका तासात उसवून नीट झाल्या असत्या. आमचे शब्द भट्टीतले होते. उसवता येणाऱ्या चुकीसाठी आम्ही उसवता न येणारी चूक केली.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे. गणितात कमी गुण मिळाले, निबंधात शुद्धलेखन चुकले, घटक चाचणीत मुलगा मागे पडला, या सर्व कापडावरच्या चुका होत. त्या कोठे सुरू झाल्या तेथपर्यंत मुलासह शांतपणे मागे जाता येते. मूल प्रगतिपुस्तक लपविते याचा अर्थ बहुधा असा असतो की, चूक दाखविली तर काय होईल याचे भय त्यास चुकीहून मोठे वाटते. आणि मग ते चुकलेल्या फुलीवर पुढच्या फुल्या रचीत जाते. परंतु रागाच्या भरात पाहुण्यांदेखत, भावंडांदेखत उच्चारलेले शब्द भट्टीतून निघालेले असतात. ते बोलण्यापूर्वी दार उघडण्याचा मोह आवरावा. हा उपदेश दुसऱ्यास करण्यापूर्वी आम्ही स्वतःस रोज करतो, आणि तरीही कधी कधी चुकतो.

विद्यार्थ्यांसाठी सुट्टीत दोन कसोट्या देत आहोत. पहिली : २० घरे रुंद व २० घरे उंच असे एक अक्षर, आपल्या नावाचे आद्याक्षर, चौकटीच्या कागदावर स्वतः आखावे व कापडावर भरावे. चुकल्यास उसवावे, आणि उसवलेल्या फुल्यांची संख्या वहीत प्रामाणिकपणे लिहावी. दुसरी : वर दिलेल्या प्रमाणाने पाव करावेत, ते बिघडले तर फेकू नयेत, काय बिघडले व का बिघडले ते चार ओळींत लिहावे, आणि दुसऱ्यांदा करावेत. मुलगे व मुली दोघांनीही दोन्ही कसोट्या कराव्यात. सुट्टीनंतर आम्ही हस्तव्यवसायाच्या तासास वही पाहू. सुबक अक्षर व फुगलेला पाव पाहून आम्हास आनंद होईलच. परंतु ज्या वहीत उसवलेल्या फुल्यांचा आकडा लिहिलेला असेल, ती वही आम्ही आधी उघडू.

आणि हो, वर्गात कोणाचाही रुमाल उंच धरून दाखविला जाणार नाही.